एका दिवसात दोन सह्या

आमच्या बेटावर अठरा वर्षांच्या पोरीला मत देता येतं, बारमध्ये बसून रम पिता येते, सैन्यात जाऊन परक्या वाळवंटात मरताही येतं. पण दहा बाय बाराची खोली भाड्यानं घ्यायची म्हटली की ती लहान. एकवीस पूर्ण होईपर्यंत लहान. अडीच तास विमानात बसून फ्लोरिडाला राहायला गेली असती, तर हा प्रश्न कोणी काढलाही नसता. हा कायदा कसा झाला ते मी वाचलंय, आणि वाचून माझी एवढीच खात्री पटलीय की करणाऱ्यांपैकी एकालाही कधी स्वतः खोली शोधत फिरावं लागलं नव्हतं.

मी प्रोवी. माउनाबो या आमच्या गावच्या चौकात वकील सालिच यांचं नोटरीचं ऑफिस आहे, तिथं मी सव्वीस वर्षं दस्त टाइप करते. कॉलेजचं तोंड मी पाहिलेलं नाही. कायदा शिकले तो दुसऱ्यांची भांडणं टाइप करता करता. एखाद्याचं सगळं दुसऱ्याच्या सहीवर अडलं की ते माणूस कसं वळवळतं, हे मी जितकं बघितलंय तितकं कुठल्या न्यायाधीशानं बघितलं नसेल.

नाशाली आर्से आली ती एका सोमवारी. वय एकोणीस, नखांत काळं ग्रीस, हातात खोक्याचा फाडलेला पुठ्ठा. पुठ्ठ्यावर प्रश्न लिहून आणले होते.

"मला मोकळिकीचं पत्र करायचंय," ती म्हणाली. "एकवीसच्या आधी सज्ञान धरतात, आईबापांनी करून द्यायचं असतं ते."

वकीलसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "लग्न करायचंय का कोणाशी?"

"नाही. दुकान काढायचंय."

"कसलं? नखं रंगवायचं?"

पोरीनं दहाही बोटं टेबलावर ठेवली. "ही नखं बघून कोण येईल रंगवायला? मी जनरेटर दुरुस्त करते."

वादळ होऊन गेल्यापासून आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी येते आणि पाहुण्यासारखीच न सांगता जाते. घरोघर जनरेटर, त्यातले निम्मे बंद. ही पोरगी शेजारच्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे उभी राहून बघत शिकली. तो गेल्यावर त्याचे पाने हिच्याकडे आले. आता ती सरकारी वसाहतीत, जिन्याखाली बसून काम करत होती आणि वरच्या मजल्यावरच्या बायका धुरानं खोकत शिव्या देत होत्या. चौकातली चांभाराची जुनी खोली रिकामी झाली होती. मालक तुलिओ. तो तिला म्हणाला होता, "लहान पोरीशी करार करून मी काय चाटू? उद्या कोर्टात जाऊन म्हणशील, मी लहान होते, मला कळलं नाही. मी बसेन बोंबलत."

आईच्या नावावर करार करता आला असता. पण सरकारी घरात राहणाऱ्या बाईच्या नावावर दुकान दिसलं, की घराचं भाडं दुप्पट. तिची आई मिग्दालियाबाई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, तिला हे झेपायचं कसं?

"पहिला प्रश्न," नाशालीनं पुठ्ठा वाचला. "पत्र झाल्यावर आईबापांनी मागे घेतलं तर?"

"घेता येत नाही. मोकळीक एकदा दिली की दिली."

"दुसरा. मोकळी झाल्यावर घरी जेवायला जाता येतं का?"

वकीलसाहेब हसले. मला मात्र हसू आलं नाही. सव्वीस वर्षांत मी असले वीस-एक दस्त टाइप केले. सगळी पोरं आली, मान खाली घालून सही केली, पळाली. आपल्याला काय मिळतंय ते विचारणारी ही पहिली.

"कायदा जेवणात पडत नाही," ते म्हणाले. "तिसरा?"

"दोघांची सही लागते का? आईची चालेल एकटीची?"

"घटस्फोटात तुझा ताबा दोघांकडे ठेवला होता?"

"कागदावर. बाप अकरा वर्षं पाटियासच्या डोंगरात राहतो. वीस मिनिटांचा रस्ता आहे. त्याला यायला अजून वेळ मिळालेला नाही."

"मग दोघांची."

अडचण अशी, की मिग्दालिया आणि पोरीचा बाप एफ्राईन अकरा वर्षं एका छपराखाली उभे राहिले नव्हते. बाजारात ती दिसली की तो रस्ता ओलांडतो. तो दिसला की ती थुंकते. त्यावर आमच्या कायद्यात एक बारीक सोय आहे. साक्षीदार नसतील तर सह्या वेगवेगळ्या वेळी करता येतात, फक्त एकाच तारखेत. दिवस मावळून तारीख बदलली आणि एक सही राहिली, तर तो दस्त मेला. सकाळी केलेली सहीही फुकट. मग पुन्हा कागद, पुन्हा तारीख, पुन्हा मिनतवाऱ्या.

गुरुवार ठरला. तुलिओनंही गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंतच खोली राखायचं कबूल केलं होतं. त्याच्याकडे मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण पैसे घेऊन तयार होता.

सकाळी नऊला मिग्दालियाबाई आली. अंगावर स्वयंपाकघराचा पांढरा गणवेश, केसांवर जाळी तशीच. दस्त मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो. वकीलसाहेब वाचत होते, "...तिनं आपल्या देहाचा आणि मालमत्तेचा कारभार सज्ञान व्यक्तीप्रमाणे पाहावा..."

"मालमत्ता?" बाई म्हणाली. "ते पान्यांचं डबडं?"

"आई, गप ना."

"गप काय? मी नऊ महिन्यांत मोकळी केली होती हिला. सरकारला एकोणीस वर्षं लागली." मग पेन हातात घेतलं आणि थांबली. "ही दवाखान्यात पडली तर सही कोण करणार?"

"ती स्वतः."

"बेशुद्ध असली तर?"

कायद्यात उत्तर आहे, पण ते ऐकून कुठल्या आईचं समाधान होणार! बाईनं उत्तराची वाट बघितली नाही. प्रत्येक पानाच्या समासात आद्याक्षरं, शेवटी पूर्ण सही. इतकं दाबून लिहिलं की मागच्या पानावर उठलं. लेकीच्या गालावर एक टपली मारली आणि शाळेतल्या दोनशे पोरांचा भात टाकायला निघून गेली.

एफ्राईन अकराला येणार होता. अकरा वाजले. बारा वाजले. साडेबाराला चौकातली वीज गेली. फोन लावला तर उचलेना.

"मला हे माहीतच होतं," वकीलसाहेब दस्त फाइलीत सरकवत म्हणाले. "पुढच्या आठवड्यात बघू."

"पुढच्या आठवड्यात तिथं मोबाइलची कव्हरं टांगलेली असतील," नाशाली म्हणाली. ती रडत नव्हती. पुठ्ठा हातात मुडपत होती.

मी म्हणाले, "साहेब, तुमचा शिक्का अख्ख्या बेटावर चालतो ना? की फक्त पंख्याखाली चालतो?"

त्यांनी माझ्याकडे रागानं बघितलं, आणि गाडीची किल्ली घेतली. सव्वीस वर्षांत मी इतकं तरी कमावलंय.

डोंगराच्या रस्त्यावर, तिसऱ्या वळणावर एफ्राईनची टपरी. पत्र्याचं छप्पर, दोन मोठे फ्रीजर, आत थंड बिअर आणि लिंबेर. म्हणजे प्लास्टिकच्या पेल्यात गोठवलेलं गोड नारळाचं दूध. एफ्राईन टपरीमागं सिमेंटच्या ओट्यावर वाकून जनरेटरची दोरी ओढत होता. सदरा घामानं पाठीला चिकटलेला. दोरी जागची हलत नव्हती.

"आलात? या!" तो आमच्याकडे न बघताच ओरडला. "पहाटेपासून वीज नाही. चारशे लिंबेर आहेत आत. चारशे! नातवंडाच्या बारशाला कोणीतरी सांगितलेत उद्याचे. कायदा नंतर, आधी हे!"

मग त्याला मागं उभी असलेली नाशाली दिसली. दोरी हातातच राहिली.

"केवढी झालीस," तो म्हणाला.

"काका, दोरी सोडा. अशी ओढून तुटेल."

"काका? बाप आहे मी तुझा."

"गिऱ्हाइकांना मी काकाच म्हणते."

माझ्या तोंडून हसू निसटलं. एफ्राईननं ते गिळलं. काळजी लागलेला माणूस बरंच गिळतो. "बरं, काका तर काका. तू हेच काम करतेस ना? लोक सांगतात, माउनाबोला एक पोरगी आहे, मेलेला जनरेटर उठवते. मी म्हणतो, माझी आहे ती."

"म्हणता का?"

"मग! सगळ्यांना सांगतो." तो बाजूला झाला. "कर चालू. चालू झाला की लगेच सही. पन्नास पानं असली तरी करतो."

आता बघा हं. अकरा वर्षं या माणसाला पोरीच्या चपलेचं माप माहीत नव्हतं. तिच्या दाढा कधी पडल्या, ती नापास कुठल्या वर्षी झाली, काही नाही. पण तिच्या निम्म्या आयुष्यावर कायद्यानं याची सही लावून ठेवली होती, आणि आज याला ती सही फ्रीजरच्या भावानं विकायची होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नाशाली बोलली.

"आधी सही. मग बघेन."

"का? बापावर विश्वास नाही?"

"तुमच्याच भल्याचं सांगते." ती ओट्याजवळ उभी होती, पण जनरेटरला हात लावला नव्हता. हात खिशात. "आत्ता मी लहान आहे. मी हे खोललं, स्क्रू हरवला, टाकी फुटली, तुमची टपरी पेटली, तर तुम्ही कोणाला धरणार?"

"तुला."

"मला नाही धरता येत. लहान पोराच्या नुकसानीला आईबाप जबाबदार. म्हणजे तुम्ही स्वतःलाच धरणार. नाहीतर माझ्या आईकडे जाऊन भरपाई मागणार. जाल?"

एफ्राईन वकीलसाहेबांकडे वळला. "असं असतं?"

वकीलसाहेब झाडाच्या सावलीत घाम पुसत होते. या क्षणापर्यंत त्यांना हे सगळं वेळेचा खून वाटत होतं. आता मात्र त्यांचे डोळे बारीक झाले, एखादं नवं कलम दिसल्यासारखे. "ढोबळ मानानं, हो," ते म्हणाले. "अज्ञान व्यक्तीनं दिलेली हमी टिकत नाही. रद्द करता येते."

"आणि सही केल्यावर?"

"मग ती जबाबदार. तुम्ही तिच्यावर दावासुद्धा लावू शकता."

"दावा! पोटच्या पोरीवर!" एफ्राईन म्हणाला. पण मनात गणित सुरू झालेलं चेहऱ्यावर दिसत होतं. फ्रीजरच्या फटीतून पांढरं पाणी ओघळायला लागलं होतं.

"हात धुवा आधी," वकीलसाहेब म्हणाले. "माझ्या दस्ताला नारळ लागता कामा नये."

टपरीच्या फळीवर दस्त उघडला. वकीलसाहेब पुन्हा सगळं मोठ्यानं वाचू लागले. रस्त्यानं जाणारे दोघं थांबून ऐकायला लागले, कारण आमच्याकडे दस्त असो की प्रवचन, माणसं थांबतातच. एफ्राईननं त्यांच्या हातात एकेक लिंबेर दिलं. "खा, नाहीतरी वितळतंय." मलाही दिलं. मी खाल्लं. रागावलेल्या माणसालाही उकडतं.

"...वय एकोणीस वर्षं, जन्म अकरा नोव्हेंबर..."

"थांबा," एफ्राईन म्हणाला. "नोव्हेंबर? मला वाटायचं मार्च."

खाणाऱ्या दोघांनी खाणं थांबवलं.

"मार्चात तुमचा वाढदिवस असतो," नाशाली म्हणाली.

त्यानं मान हलवली. पुढचं सगळं वाचून होईपर्यंत तो फळीकडे बघत राहिला. मग सही केली. प्रत्येक पानाच्या समासात आद्याक्षरं, मिग्दालियाच्या आद्याक्षरांच्या खाली. ती दाबून लिहिलेली अक्षरं त्यानं बोटानं चाचपलेली मी पाहिली. अकरा वर्षांनी ती दोघं एका पानावर आली, ती अशी, इंचभर रुंदीच्या समासात.

"तुला मान्य आहे का?" वकीलसाहेबांनी नाशालीला विचारलं. हे विचारावंच लागतं. नाही म्हणायचा हक्क तिला असतो, कायद्यानं तिला आजवर दिलेला बहुतेक हा एकच.

"मान्य आहे," म्हणून तिनं सही केली. शिक्का बसला. दुपारचे अडीच वाजले होते.

"झालं?" एफ्राईन म्हणाला. "आता उठव."

नाशालीनं खिशातून हात काढले. ओट्यावर गुडघे टेकले. ऑइलची कांडी काढून बघितली. कोरडी. जनरेटर एका बाजूला कलता केला आणि खाली हात घातला. हात काळा होऊन बाहेर आला. मग मोबाइलचा उजेड पाडून बापाला म्हणाली, "इकडे या. वाका. दिसतंय?"

इंजिनाच्या पोटाला नाण्याएवढं भोक होतं.

"ऑइल कधी बदललं होतं?"

"ऑइल बदलतात?"

"आतला दांडा तुटून बाहेर आलाय. हे उठत नाही आता. भंगारात द्या."

एफ्राईन भोकाकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. मग फळीवरच्या दस्ताकडे, जो वकीलसाहेबांनी एव्हाना घाईनं बॅगेत टाकायला घेतला होता. "मग मी सही कशाला केली?"

"तुम्ही कशाला केलीत ते मला कसं माहीत असणार?" ती म्हणाली. "मी बघेन म्हणाले होते. बघितलं. बघायचे वीस डॉलर होतात, पण राहू देत."

"वकीलसाहेब, हे रद्द करा! ही फसवणूक आहे!"

"एकदा दिली की दिली," वकीलसाहेब म्हणाले. आवाजात मजा होती, आणि ती लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

मला वाटलं, आता हा शिव्या देणार. शिव्या त्यानं दिल्या, पण जनरेटरला दिल्या, वीज कंपनीला दिल्या, बारशावाल्याला दिल्या. मग दम लागला तसा ओट्यावर बसला. नाशाली थोडी घुटमळली.

"जिन्याखाली एक चालू स्थितीतला आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "भाड्यानं देते. दिवसाला पंचवीस. अनामत शंभर. ऑइल रोज बघायचं. नाही बघितलं आणि फुटला, तर दावा लावीन."

"बापावर?"

"गिऱ्हाइकावर."

एफ्राईन हसला की कण्हला, ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्यानं खिशात हात घातला. "पावती देशील?"

"देईन. आता माझी पावती चालते."

शेजाऱ्याची गाडी घेऊन पाठोपाठ येतो म्हणाला, आणि आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर मी मागं वळून तिला विचारलं. विचारल्याशिवाय मला राहवतच नाही.

"खरं सांग. भोक तुला कधी कळलं?"

"गाडीतून उतरले तेव्हा. ओट्याखाली काळा डाग होता. एवढं ऑइल एकदम खाली आलं की पोट फुटलेलंच असतं."

"मग सही करायच्या आधी बोलली का नाहीस?"

"तेव्हा मी लहान होते ना, प्रोवीबाई. लहान पोरीचं मत कोण धरतं?"

वकीलसाहेबांनी गाडी खड्ड्यात घातली. हसता हसता घातली. मी हसले, पण आत काहीतरी टोचलं. हिनं बापाला फसवलं की नाही? खोटं एक शब्दही बोलली नव्हती. त्यानं सही विकायला काढली, हिनं घेतली आणि जे म्हणाली ते केलं. पण ती बाहेर बघत बसली होती आणि ग्रीसचा हात पुन्हा पुन्हा जीन्सला पुसत होती. हात कधीच कोरडा झाला होता, तरी पुसत होती. "सगळ्यांना सांगतो," असं तो म्हणाला होता. ते खरं असेल का, हा विचार तिच्या डोक्यात घोळत असावा. माझ्या तरी घोळत होता.

ऑफिसात दस्ताची शिक्क्याची नक्कल काढण्यात दीड तास गेला, आणि पावणेपाचला आम्ही तुलिओच्या खोलीत. मोबाइलची कव्हरंवाला दारातच उभा होता, पिशवी घेऊन. तुलिओनं दस्त उलटसुलट करून बघितला, शिक्क्यावर नख घासून पाहिलं, आणि भाडेकरार तिच्यापुढे सरकवला. "हं, कर सही. इथं, आणि इथं."

ती उभ्या उभ्या वाचायला लागली. पहिलं पान. दुसरं पान.

"अगं, सगळे असेच सही करतात," तुलिओ म्हणाला. "छापील आहे ते."

"सगळ्यांच्या मागं कोणीतरी असतं, तुलिओकाका." वाचता वाचता तिचं बोट एका ओळीवर थांबलं. "छप्पर गळलं तर दुरुस्ती भाडेकरूची?"

"गळत नाही."

आम्ही चौघांनीही वर बघितलं. छताला तपकिरी डाग होता, कढई पालथी घातल्याएवढा. कव्हरंवाल्यानंही बघितलं, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

नाशालीनं माझ्याकडून पेन मागितलं, ती ओळ सरळ रेघ ओढून खोडली आणि समासात आद्याक्षरं केली. सकाळपासून दोनदा पाहिलं होतं कसं करायचं ते. "तुम्ही पण करा इथं," ती तुलिओला म्हणाली. तुलिओ वकीलसाहेबांकडे बघू लागला. वकीलसाहेब डागाकडे बघत होते. शेवटी त्यानं केली.

मग तिच्या सहीची जागा आली, आणि पेन कागदावर टेकवून ती थांबली. दिवसभरात पहिल्यांदाच.

"प्रोवीबाई, यात मी काही चुकले असेन तर आता ते रद्द कोण करून घेणार?"

"कोणी नाही."

"आई?"

"तिचा हक्क सकाळी नऊला संपला."

तिनं पुन्हा पहिलं पान काढलं आणि वाचायला सुरुवात केली. तुलिओनं घड्याळ दाखवलं, तिनं बघितलं नाही. पाच वाजले. चर्चची घंटा झाली. पाच वाजून सात मिनिटांनी तिनं सही केली, आणि तुलिओची काही बोलायची छाती झाली नाही. बाहेर शेजाऱ्याची गाडी येऊन थांबली होती आणि एफ्राईन हातात शंभराची नोट घेऊन, आत यावं की नाही ते न कळून, उंबऱ्यापाशी उभा होता.